लाल इटली, चंदेरी जर्मनी आणि आमचे भाऊजी

भाऊजी,

पोळ्याला आठवडा उरला असताना तुमच्या दादांनी सांगून टाकलं, "यंदा शर्यत नाही." चहाचा कप खाली ठेवला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठून गेले. मी विचारलंही नव्हतं. पण ज्या अर्थी न विचारता उत्तर आलं, त्या अर्थी प्रश्न त्यांच्याही डोक्यात होता.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत सई आणि नील. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा सईने टोरांटोहून आणि नीलने मेलबर्नहून फोन केला. दोघंही आधी रडली आणि मग दोघांनीही, एकमेकांशी न बोलता, तेच विचारलं, "आजी, यंदा रेस होणार का?" मी तेव्हा म्हणाले, बघू. 'बघू' हे काही उत्तर नाही, असं मी शाळेत मुलींना शिकवत आले. म्हणून आता नीट उत्तर लिहिते. यात तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी येतील. त्या पोरांसाठी आहेत, तुम्ही सोडून पुढे वाचा.

मी लग्न होऊन जबलपूरहून बालाघाटला आले तेव्हा तुम्ही आठवीत होता. अर्धी चड्डी, खरचटलेला गुडघा, कानात तेल. मी सहज म्हणाले, "काय रे, नाव काय तुझं?" तर सासूबाई आतून म्हणाल्या, "रे नाही म्हणायचं. दीर हाय थो तुहा. भाऊजी म्हणायचं अन् तुम्ही म्हणायचं." तुम्ही जागच्या जागी दोन इंच उंच झालात. त्या दिवसापासून मी एका आठवीतल्या मुलाला अहो-जाहो करते आहे.

संध्याकाळी तेच भाऊजी एक चुरगळलेला कागद घेऊन आले. किराण्याच्या पुडीला आलेलं कुठल्यातरी परदेशी मासिकाचं पान होतं ते. त्यावर एका लांबट गाडीचं चित्र. चाकं अंगाबाहेर, छत नाही, चालवणारा कमरेपासून वर उघड्यावर.

"वैनी, तुमाले इंग्रजी येते म्हणतात."

"येते."

"मंग वाचा ना. काय लिवलं हाय याच्यात?"

मी वाचून अर्थ सांगितला. एक माणूस भर पावसात शर्यतीत पुढे होता आणि शेवटच्या फेरीत मागे पडला.

"हारला?"

"हो."

"हारला तर त्याचा फोटो काहून छापला?"

"छान हरला असेल," मी म्हणाले. मला स्वयंपाकघरात जायचं होतं. पण तुम्ही तो कागद घेऊन ओट्यावर कितीतरी वेळ बसलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही रद्दीवाल्याकडून तशी आणखी पानं आणलीत. मग मी बालाघाटमधली, मोटारींच्या शर्यतींचं इंग्रजी मराठीत सांगणारी एकमेव सून झाले. एकदा 'हेअरपिन' वळण आलं. मला शब्द सुचेना, म्हणून मी अंबाड्यातला आकडा काढून दाखवला. तुम्ही तो बघायला घेतलात. तो मला परत मिळालेला नाही.

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. तुम्ही बँकेत लागलात, इंग्रजीत पत्रं लिहायला लागलात, वरच्या साहेबाच्या चुका काढायला लागलात, तरी मासिक आलं की माझ्यापुढे ठेवायचात. "वैनी, वाचून दाखवा." तुम्हाला वाचता येतं हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. मी कपाळाला आठी घालून चष्मा लावायची आणि वाचायची. ती आठी खरी नव्हती, हे सांगायचं राहून गेलं. मासिकाला उशीर झाला की पोस्टमनची वाट मी तुमच्या आधी पाहायला लागले होते.

आता गाड्यांबद्दल. सई, नील, तुम्ही त्या हातात घेतल्या आहेत, पण तुमच्या घरच्या बाकीच्यांना सांगायला हवं. या खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. खऱ्या, जुन्या शर्यतींच्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, मूळ गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याच्या. हाताच्या पंजावर मावणाऱ्या. चाकांना केसाएवढ्या बारीक तारा, आत चामड्याची वाटावी अशी बैठक, काचेचा तुकडा नखाएवढा. त्या काळी प्रत्येक देशाचा रंग ठरलेला असे. इटलीची लाल, इंग्लंडची हिरवी, फ्रान्सची निळी, जर्मनीची चंदेरी. आमच्या अभयला परदेशात नोकरी लागली तेव्हा त्याने विचारलं, "काका, काय आणू?" लोक घड्याळ मागतात, अत्तर मागतात. तुम्ही गाडीचं नाव आणि शर्यतीचं नाव सांगितलंत. तो चंदेरी गाडी घेऊन आला. मग जो कोणी बाहेर जाई तो तुमच्यासाठी एक आणी, आणि बैठकीतलं काचेचं कपाट भरत गेलं.

आणि या माणसाने आयुष्यात खरी गाडी चालवली नाही. सायकलवर बँकेत गेले आणि सायकलवरच निवृत्त झाले. मात्र दुसरा चालवत असला की शेजारी बसून शिकवणं चालू. लामता गावी लग्नाला जाताना जीपवाल्याला तुम्ही काय म्हणालात ते मी विसरणार नाही.

"भैया, मोड़ पे पहले बाहर से आओ, फिर अंदर काटो."

तो म्हणाला, "साहब, बाहर भैंस है."

तुम्ही मागे वळून मला म्हणालात, "वैनी, त्या लोकायच्या रस्त्यावर म्हशी नसतेत, म्हणून जमते त्याईले."

आणि तो दसरा. दसऱ्याला घरातल्या सगळ्या वाहनांची, हत्यारांची पूजा असते. सायकल, शिलाई मशीन, विळी, माझा मिक्सर. सासूबाईंना तोवर कमी दिसत होतं, पण एकही वस्तू सुटलेली त्यांना चालत नसे. तुम्ही बाहेरून आलात तो चंदेरी गाडीच्या नाकावर ओल्या कुंकवाचा अंगठ्याएवढा टिळा. तुम्ही धावत जाऊन पुसलात, त्याने ते सगळ्या बॉनेटवर पसरलं आणि चंदेरी जर्मनी गुलाबी झाली.

"माय, हे काय केलं वं तू?"

"गाडी हाय ना थे?" सासूबाई म्हणाल्या. "मंग पूजा नाही करायची काहून? चाकाखाली लिंबू ठेवाले गेली, तर गाडीच लिंबावर चढून बसली. काय गाडी आणली तुह्या पुतण्यानं, लिंबू फुटत नाही तिच्यानं."

संध्याकाळी नागपूरच्या एका संग्राहक मित्राला फोन केलात. तो म्हणाला, आता तिला कोणी विचारणार नाही. तुम्ही म्हणालात, "कुंकू लावलेली दुसरी आण आधी जगातून शोधून, मंग बोल." फोन ठेवल्यावर तुम्हाला हसू आलं, मग सासूबाईंना आलं, आणि त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक गाडीची रीतसर पूजा झाली. कोरडं कुंकू, तेही गाडी ज्यात आली त्या डब्याला. आणि चाकाखाली लिंबाऐवजी भिजवलेला वाटाणा. तो मात्र नीट फुटायचा. सासूबाई समाधानाने म्हणायच्या, "हौ, आता जमलं."

आपलं भांडण कपाटावरून होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणायची, गाड्या सालाप्रमाणे लावायच्या, प्रत्येकीपुढे नावाचं कार्ड, डबे मागे जपून. पाहुण्याला डावीकडून उजवीकडे बघत गेलं की इतिहास कळला पाहिजे. मी कार्डंही सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. तुम्ही त्या शर्यतीतल्यासारख्या लावायचात. कोण पुढे होती, कोण तिच्या मागे लागली होती, कोणती वळणावर घसरली. घसरलेली तुम्ही आडवीच ठेवायचात. मी रविवारी पुसून सालाप्रमाणे लावायची, सोमवारी बँकेत जाण्याआधी तुम्ही सगळं पुन्हा बिघडवून जायचात. आपण दोघांनी याबद्दल तक्रार केली, पण थांबलं कोणीच नाही. तुमचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. इतकंच म्हणेन, की सोमवारी सकाळी कपाटाकडे बघायला मला आवडायचं.

शर्यतीवरून तर त्याहून मोठं भांडण. तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांचा पोळा. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी झालेला असतो. या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवतात, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडू, आणि दोरीने ओढत घरोघर नेतात. मोठी माणसं त्यांना खाऊ नाहीतर पैसे देतात, त्याला बोजारा म्हणायचं. एका वर्षी शेजारच्या शकुनताई मेश्रामांच्या रूपाच्या बैलाचं चाक ऐन वेळी निखळलं. रूपा आपल्या ओट्यावर बसून रडत होती. तुम्ही आत गेलात, कपाट उघडलंत आणि लाल इटली तिच्या हातात दिलीत. त्या गाडीच्या आरशाला मी पुसतानासुद्धा बोट लावत नसे.

"भाऊजी, ती बघायची वस्तू आहे."

"बघून झाली ना वैनी. आता पळू द्या."

मग बाकीची पोरं म्हणाली, हमारा बैल इससे तेज है. झालं. तुम्ही माळ्यावरून सागवानी फळी काढलीत, ओट्याच्या कडेला टेकवून अंगणात उतार केलात, खाली माझ्या रांगोळीने रेषा मारलीत. एका बाजूने बैल सोडायचा, एका बाजूने गाडी. तुम्ही रेषेपाशी पोटावर झोपलात, गाल जमिनीला लावून, म्हणजे कोण आधी आलं ते कळावं. आणि कटंगीच्या बाजारातला, सुताराने ओबडधोबड केलेला बैल जिंकला. पुन्हा सोडले, पुन्हा बैल जिंकला. त्या नाजूक चाकांना पळायची सवयच नव्हती, आणि बैल बिचारा जड होता, उतारावर तो काय थांबतो.

तुम्ही उठलात तेव्हा अर्ध्या गालाला माती होती. तुम्ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालात, "इटली हारली. कटंगीचा बैल जिंकला." एवढा आनंद झालेला हरणारा मी पाहिला नव्हता. पुढे दर वर्षी ज्याच्याकडे बैल नसेल त्याला कपाटातली गाडी मिळू लागली. मग ज्याच्याकडे बैल होता तोही घरी ठेवून यायला लागला. आरसे तुटले, एक काच गेली. मी दर वर्षी भांडले आणि दर वर्षी रांगोळी दिली. सई-नील यायला लागल्यावर तर बोलूच नका. जी वर्षं ती इथे नसत, त्या वर्षी माझा फोन खांबाला बांधून तिकडे रेस दाखवावी लागे.

आणि यंदा तुम्ही श्रावण लागताच गेलात.

तेरा दिवस झाले. माणसं आली, गेली. ज्या घरातलं माणूस जातं तिथे वर्षभर सण नसतो, हे मला मान्य आहे. तोरण नको, पुरण नको. पण शर्यत हा सण आहे का, यावर तुमच्या दादांचं आणि माझं पटेना.

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होते, म्हणजे सणच हाय," ते म्हणाले.

"पूजा नाही, गोडधोड नाही. नुसती फळी आहे."

"लोक काय म्हणतील? भाऊ गेला अन् हे पोट्ट्यायले घेऊन खेळून राह्यले."

"लोक म्हणजे कोण?"

भाऊजी, ते लोकांसाठी नव्हतं. तुम्ही गेल्यापासून ते बैठकीत बसत नव्हते. वर्तमानपत्र मागच्या पडवीत वाचायचे. ज्या खोलीत कपाट आहे त्या खोलीतून जायचं नसेल तर आपल्या घरात मागच्या दाराने फिरावं लागतं, आणि ते तसे फिरत होते. मी त्यांना दोष देत नाही. तुम्हाला सायकल शिकवताना मागून धरून धावलेला माणूस आहे तो. पण मला भीती वाटत होती. यंदा शर्यत झाली नाही तर पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, कपाट बंद राहील, सगळ्या गाड्या माझ्या मनासारख्या सालाप्रमाणे उभ्या राहतील, आणि ते मागच्या दारानेच फिरत राहतील. आयुष्यभर मी जे मागितलं तेच मला मिळणार होतं आणि ते मला नको होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी फाटकाशी पोरांचा घोळका आला. पुढे रूपाचा मुलगा. रूपा गोंदियाला दिली, पण पोळ्याला माहेरी येते.

"दादी, कार वाली रेस होगी क्या?"

"नहीं बेटा. इस साल हमारे घर त्योहार नहीं है."

एकाने मान वाकडी करून खिडकीतून कपाट दिसतं का बघितलं. मग सगळी गेली.

अर्ध्या तासात शकुनताई कुंपणाच्या भिंतीपाशी उभ्या. पदर खोचलेला, हातात झाडू.

"बाई, तुमच्या घरी सण नाही ना?"

"नाही."

"आमच्या घरी तं हाय. आमाले कोनतं सुतक? फळी इकडं द्या. आमच्या ओट्यावरून लावतो. भाऊजीईनं माह्या पोरीले गाडी देल्ली होती, थे काय तुमच्या घरचं म्हणून देल्ली होती का? गल्लीचं म्हणून देल्ली होती."

मी म्हणाले, ह्यांना विचारते. शकुनताई म्हणाल्या, "विचारू नका. सांगा. विचारलं की माणसं नाही म्हणते."

मी सांगितलं. तुमच्या दादांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. मग पलीकडून आवाज आला, "तुले जे करायचं थे कर. मी काही पाहाले येणार नाही."

तेवढं मला पुरलं.

तान्ह्या पोळ्याला दुपारी मी कपाट उघडलं. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी शेवटची लावलेली शर्यत तशीच होती. हिरवी पुढे, निळी तिच्या अगदी मागे, लाल वळणावर आडवी. मी किती वेळ उभी होते ते सांगत नाही. मग मी तुमच्या त्या शर्यतीतल्या गाड्या एकेक करून उचलल्या आणि भिंतीवरून शकुनताईंच्या हातात दिल्या. पोरांना आधी हात धुवायला लावले, नखंही पाहिली. ज्याची नखं वाढली होती त्याला गाडी नाही, हा नियम माझा आहे आणि तो पुढच्या वर्षीही राहील. फळी पलीकडे गेली. रांगोळीही मीच दिली, फक्त पांढरी.

मी आमच्या बाजूला भिंतीशी, पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. त्यांच्या घरी सण होता, माझ्या नव्हता, म्हणून पलीकडे गेले नाही. पलीकडे पोरं, झेंडू, बेगड, रूपाचा आरडाओरडा. पहिली शर्यत, लाल इटली आणि रूपाच्या पोराचा बैल. रूपाने शिट्टी वाजवली. दोन्ही सुटले, खडखड खडखड खाली आले, आणि भांडण सुरू झालं.

"कार जीती."

"नहीं बे, बैल जीता."

"तेरे को दिखा क्या?"

मला काही दिसलं नव्हतं. शकुनताईंना दिसलं नव्हतं. रूपा म्हणाली, मी सुरुवातीच्या बाजूला होते. रेषेपाशी कोणीच झोपलं नव्हतं. दोन्ही पोरांचे चेहरे लाल, दोघंही खरं बोलत होते. मग एका पोराने तुमचं नाव घेतलं, म्हणजे तो म्हणाला, "दादाजी होते तो बताते." शकुनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलं. व्हायला नको होतं हे. आता पोरं घरी जातील आणि सगळं खरंच संपेल.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून आवाज आला.

"बैल. अर्ध्या शिंगानं."

मी वळून पाहिलं. तुमचे दादा स्वयंपाकघरातल्या स्टूलवर उभे होते. तेच स्टूल, ज्यावर मी त्यांना बल्बसुद्धा बदलू देत नाही. एक हात पेरूच्या फांदीला, दुसऱ्या हातात अजून वर्तमानपत्र. केव्हा आले, कोण जाणे.

"नीट पाह्यलं का काका?" रूपाने विचारलं.

"मंग का डोळे मिटून उभा होतो का? शिंग आधी आलं. इटली हारली. चला, दुसरी लावा." मग खाली वाकून मला, हळू आवाजात, "ऐकून राह्यली का? स्टूल जरा डावीकडं सरकव. तिकडची रेषा दिसून नाही राह्यली."

ते उतरले, मी सरकवलं, ते पुन्हा चढले. जमीन ओली, स्टुलाचा एक पाय रुतत होता. मी खाली बसून दोन्ही हातांनी तो धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे पुढची एकही शर्यत मी पाहिलेली नाही. समोर फक्त भिंत होती आणि तुमच्या दादांचे पाय. सगळं मला वरून ऐकू येत होतं, "आतून काट बे, आतून काट," त्या सरळ फळीवर, जिथे काटायला एकही वळण नाही.